भाऊ म्हणतो पाडू, आई म्हणते राहू दे

घरबांधणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं घर दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीकाठच्या एका वाडीत आहे. ओटीवर बसलं की भरतीचं पाणी दिसतं, चाळीस-पन्नास पावलांवर. आजोबांनी बांधलेलं, घरात १९३८ साल सांगतात. पुढे ओटी, मग माजघर, बाजूला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, कोठी आणि न्हाणी, वर माळा. पुढच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, मागच्या मातीच्या, वर मंगलोरी कौलं. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते, वय ७४. मी डोंबिवलीला, धाकटा भाऊ पुण्याला. गेल्या पावसात स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. माजघराच्या दारावरच्या तुळईला वाळवी दिसली. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं परतायला, माणूस मिळत नाही. भाऊ म्हणतो, एकदाच काय ते पाडू, स्लॅबचं घर बांधू आणि वर मजला काढू, म्हणजे पर्यटकांना खोल्या देता येतील. गावातल्या ठेकेदाराने चौरस फुटाला २२०० रुपये सांगितले. १४०० चौरस फुटांचे ३० लाख ८० हजार होतात, मजला वेगळा. आमच्या दोघांकडे मिळून १८ लाख आहेत. एका मिस्त्रीने दुरुस्तीचा अंदाज ९ लाख दिला. आई म्हणते, मी आहे तोवर घराला हात लावायचा नाही. दोन काका आणि एक आत्या हिस्सेदार आहेत, पण ती मंडळी कधी येत नाहीत. फोटो पाठवते आहे. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सातही फोटो मोठे करून पाहिले. सहांत भेग आणि वाळवी आहे. सातवा मागच्या अंगणाचा, त्यात एक बादली आणि कोणाची तरी अर्धी चप्पल आली आहे, म्हणजे चुकून निघाला असणार. पण मला जे हवं होतं ते त्यातच सापडलं. अंगणाला कोबा, म्हणजे पक्का थर, केलेला आहे आणि त्याचा उतार घराकडे आहे. भिंतीवर गुडघाभर उंचीला शेवाळाची हिरवी रेघ आहे, पट्टीने मारल्यासारखी सरळ. म्हणजे पागोळ्यांचं पाणी कोब्यावर पडतं, फिरून जोत्यापाशी येतं आणि चार महिने तिथेच मुक्काम करतं. तुमची भेग छपरामुळे पडलेली नाही. ती खालून वर आली आहे.

पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, पुरेसं पुढे आलेलं असेल आणि पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूला झापं (झावळ्यांचे तट्टे) बांधली, तर मातीची भिंत कोकणातला पाऊस वर्षानुवर्षं काढते. तुमच्या आजोबांची काढत आलीच की. तिचा जीव जातो तो पायाशी पाणी साचल्यावर. हा कोबा कोणी आणि कधी केला ते आईंना विचारा. मी पैज लावतो, भेग त्यानंतरची आहे.

आणखी एक. माजघराच्या फोटोत खाली लाद्या आहेत आणि भिंतीला कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे, त्याला फुगे आले आहेत. हे काम आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात झालं. मीही पन्नासेक घरांत करून दिलं असेल, आणि त्या वेळी लोकांनी मला दुवा दिला. शेणाची जमीन गेली, पोपडे गेले, घर कसं स्वच्छ दिसायला लागलं. पण जमिनीतली ओल पूर्वी सारवलेल्या जमिनीतून उडून जायची, ती लाद्यांखाली अडकली. मग ती भिंतीत शिरली, तर बाहेर पडायच्या वाटेवर सिमेंट. राहिली एकच वाट, वर. ओल कंबरेच्या थोडी वर जाऊन थांबत असेल, वाळवी थांबत नाही. ती आपली मातीची नळी बांधत तुळईपर्यंत पोचते. तेव्हा नुसती तुळई बदललीत तर चार-पाच वर्षांनी पुन्हा मला पत्र लिहाल.

आता कागदांकडे येतो. पत्रात तुम्ही हे शेवटच्या दोन ओळींत उरकलं आहे, मला मात्र सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

खाडी चाळीस-पन्नास पावलांवर म्हणजे तुम्ही किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड), म्हणजे बांधकामावर सरकारी बंधनं असलेल्या किनारपट्ट्यात, आहात असं धरून चाला. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात खाडीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढा पट्टा बांधकामाला बंद होता. २०१९ च्या अधिसूचनेने तो ५० मीटरवर आणला, पण त्याचा लाभ मिळायला त्या भागाचा किनारा नकाशा नव्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर असावा लागतो. शिवाय भरतीरेषा म्हणजे आपल्याला ओटीवरून दिसते ती पाण्याची कड नव्हे, नकाशावर आखलेली रेषा. पावलांवर जाऊ नका, नकाशा काढून त्यावर तुमचा सर्व्हे नंबर बघा. तुम्ही त्या पट्ट्यात निघालात, तर असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पुनर्बांधणीही करता येते. पण जोत्याचं क्षेत्र आहे तेवढंच आणि चटईक्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्र, तेही आहे तेवढंच. म्हणजे तुमच्या भावाचा वरचा मजला तिथेच संपला. ज्या ठेकेदाराने ‘वरचा मजला वेगळा’ म्हणून भाव सांगितला, त्याने हे विचारलं होतं का? बहुधा नाही. दंडाची नोटीस आली तर ती त्याच्या नावाने येत नाही.

आणि ‘अधिकृत’ या शब्दावर सगळं अडतं. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधीपासून घर उभं आहे हे दाखवणारा ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेच्या जोडणीचा कागद, जे हाताला लागेल ते गोळा करा. माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेलच. घर उभं आहे तोवर ते स्वतःच एक पुरावा आहे. पाडलंत की तुमच्या हातात फक्त कागद उरतात, आणि ते नसतील तर एक मोकळं जोतं. असं एक जोतं माझ्या माहितीत आहे. त्यावर आता तुळशीवृंदावन आणि भेंडीची रोपं आहेत, आणि मालक दर मे महिन्यात येऊन भाड्याच्या खोलीत उतरतात.

हिस्सेदारांचं थोडक्यात सांगतो. घरपट्टी तुमचे बाबा भरत होते म्हणून घर त्यांचं झालं असं होत नाही. असेसमेंटचा उतारा कराचा असतो, मालकीचा नसतो. ‘कधी येत नाहीत’ म्हणून काकांचा हिस्सा जात नाही, आणि आत्याचा तर मुळीच नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. गळकं छप्पर दुरुस्त केलं तर सहसा कोणी भांडत नाही. पाडून बांधायला गेलात की तिघांची लेखी संमती नाहीतर नोंदणी केलेलं वाटणीपत्र लागणारच. १८ लाख घातल्यावर वाटणीचं बोलणं काढाल, तर ते फार महाग पडेल. या गणपतीला सगळ्यांना मुद्दाम बोलवा आणि तेव्हा विषय काढा. आरती झाल्यावर, जेवणाच्या आधी नको.

आता भावाच्या स्लॅबविषयी. त्यावर मी हसणार नाही, कारण मी तेच केलं आहे. १९९६ साली गुहागर तालुक्यातलं आमचं आजोबांचं घर मी पाडलं. मी स्वतः बांधकामातला माणूस, घरच्यांना माझ्यावर विश्वास. कोणी मागे लागलं होतं म्हणून नाही, मीच घाईत होतो. मेअखेर स्लॅब ओतून व्हायला हवी होती, नदीची वाळू मिळेना, तेव्हा खाडीच्या तोंडाची वाळू आणली आणि धुतली नाही. पाणीही मचूळ विहिरीचं वापरलं. पंधरा वर्षं काही दिसलं नाही. २०११ च्या ऑगस्टात पहाटे चारच्या सुमारास आईच्या खाटेच्या पायथ्याशी परातीएवढा पापुद्रा पडला. दिवा लावून वर पाहिलं तर सळई दिसत होती, आणि तिच्यावर गंजाचे थर सुटले होते, जुन्या पुस्तकाची पानं सुटावीत तसे. वाळूतलं मीठ सळईपर्यंत पोचलं की काँक्रीटमध्ये तिला मिळणारं संरक्षण जातं. ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुटतं. आई त्या दिवशी एवढंच म्हणाली, ‘तुझ्या आजोबांचं कौल पडलं तर डोक्याला टेंगूळ यायचं.’ आज माझ्या त्या स्लॅबवर पत्र्याची शेड आहे. आमच्या भागात नीट बघा, निम्म्या स्लॅबवर पत्रा दिसेल. एका घराला दोन छपरांचा खर्च.

म्हणून बांधाल तेवढं काँक्रीट खाऱ्या हवेच्या हिशेबाने बांधा. काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक ४५६ मध्ये किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम ३० प्रत (ताकदीचा दर्जा) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलं आहे. बीमखाली दगडाचा तुकडा सरकवून ‘कव्हर झालं’ म्हणणारा सेंटरिंगवाला भेटला तर काम थांबवा. वाळू जिभेवर ठेवून बघतो मी. लोक हसतात, हसू देत.

माझा सल्ला असा : अर्धं ठेवा, अर्धं पाडा. ओटी, माजघर आणि दोन खोल्या ठेवायच्या. या भिंती चिऱ्याच्या आहेत. चिरा खाणीतून काढताना हत्याराने सहज तासला जातो आणि हवा लागली की कठीण होतो. तुमच्या चिऱ्याने ऐंशीहून जास्त पावसाळे काढलेत, फोटोत कोपरे अजून धारदार दिसतात. असा ओळीत बसवलेला चिरा पाडून त्या जागी नवा आणण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. मागचं स्वयंपाकघर, कोठी आणि न्हाणी मात्र गेली. त्यांना थोपटत बसू नका. मिस्त्रीच्या ९ लाखांत ती मागची भिंत सांधणं धरलं असेल, तर तेवढे पैसे खाडीत गेले म्हणून समजा. ते सगळं उतरवून, परवानगी घेऊन, त्याच जोत्याच्या मापात चिऱ्याने नवं बांधा आणि भिंतींच्या माथ्यावरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा. कोयनेचा १९६७ चा भूकंप आईंना आठवत असेल, आपण त्या टापूत राहतो. छप्पर पुढच्या छपराच्याच उताराने खाली आणा. जोत्याखाली वाळवीचं औषध आत्ताच घालून घ्यायचं, नंतर ते नीट होत नाही.

फोटोंवरून मागचा भाग ५०० चौरस फूट धरतो. तुमच्याच ठेकेदाराच्या भावाने ११ लाख. पुढच्या भागात तुळई, काही वासे, सगळ्या रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा, आणि अंगणाचा कोबा फोडून उतार बाहेर काढणं, याला मी ५ लाख धरतो. झाले १६. उरलेले दोन लाख कोणाला सांगू नका. दुरुस्तीचा अंदाज पस्तीस वर्षांत मला एकदाही बरोबर देता आला नाही. गिलावा खरवडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि जे निघतं ते कधीच कमी नसतं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मी फोटो पाहिलेत, घर नाही. पोती शिवायचं जाड दाभण घ्या आणि प्रत्येक वाशाचं टोक भिंतीवर टेकतं तिथे टोचा. मधोमध टोचून उपयोग नाही, वासा टोकाला कुजतो. दाभण अर्धा इंच सहज गेलं तर खडूने फुली मारा. दहांत तीनपेक्षा जास्त फुल्या आल्या तर मला पुन्हा लिहा, हिशेब बदलेल. ओटीच्या भिंतीला वरून ओळंबा सोडा. दीड फूट जाडीची भिंत तीन इंचांहून जास्त कललेली असेल तर मी ती ठेवत नाही. आणि पुढच्या भिंतीला कुठे केसासारखी भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहा. पावसाळा संपल्यावर काच शाबूत असली तर भेग जुनी, निजलेली. तडकली तर पाया अजून हलतो आहे. हे सगळं पावसात जाऊन करा, जुलैत. मे महिन्यात कोकणातलं प्रत्येक घर चांगलंच दिसतं, आणि नेमके त्याच महिन्यात मुंबईचे लोक निर्णय घेतात.

आईंच्या ‘हात लावू नका’ याचा अर्थ मला वेगळा वाटतो. वर्षभर पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहायला लागेल, आणि मग परत येणं होईल की नाही, याची ही भीती असावी. माझा अंदाज चुकत असेल, त्यांना विचारा. अर्धं ठेवलंत तर त्यांना घर सोडावं लागत नाही. दसऱ्यानंतर मागचं उतरवायला घ्या, चूल तात्पुरती ओटीच्या बाजूला एक पडवी काढून तिथे. चिरा पावसाआधीच सांगून ठेवा, पावसात खाणी बंद असतात. शिमग्यात पालखी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येईल तेव्हा मागे छप्पर चढलेलं असावं, एवढं ठेकेदाराकडून लिहून घ्या. पर्यटकांच्या खोल्यांचं म्हणाल तर बाजूच्या दोन खोल्यांना एक न्हाणी जोडून भावाची हौस भागवता येईल. मात्र त्या पर्यटकांना सकाळी आंबोळ्या कोण घालणार, ते त्याला विचारा. आई ७४ च्या आहेत.

प्रश्न : वानरांनी कौलं फोडून वैताग आणला आहे. सगळी कौलं उतरवून रंगीत पत्रा घालावा का?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : नुसता पत्रा घालू नका. दुपारी घरात बसवणार नाही आणि पावसात शेजारचं माणूस काय बोलतं ते ऐकू येणार नाही. शिवाय ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर मी मंडणगड-दापोलीत बरेच दिवस फिरलो. पत्र्याची छपरं सांगाड्यासकट उडून दुसऱ्याच्या आगरात पडलेली पाहिली. कौलंही गेली होती, हजारोंनी, पण पुष्कळ घरांवर एका अंगाचीच गेली होती आणि उरलेल्या अंगाखाली माणसं स्वयंपाक करत होती.

तुम्हाला दोन्ही करता येईल. वाशांवर खाली पत्रा, त्यावर रिपा, आणि वर तुमचीच कौलं. वानराने कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, घरात येत नाही, आणि शाकारणी दर वर्षी करावी लागत नाही. पत्रा वाशाला हुकबोल्टने आवळायचा, वासा भिंतीला लोखंडी पट्टीने. कौल-पत्र्याचं एकत्र ओझं वासे पेलतील का, हे आधी सुताराला दाखवा. एक कौल अडीच-तीन किलोचं असतं, भिजलं की आणखी जड.

उतरवताना कौलं पालथी करून बघा. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, त्या शिक्क्याची कौलं राजापूरच्या बाजूला अजून निघतात. तशी निघाली तर भंगारात देऊ नका, पुढच्या पाख्याला तीच लावा. नव्यापेक्षा टिकाऊ आहेत.

प्रश्न : घर पाडायचं नक्की झालं आहे. जुन्या लाकडाचा व्यापारी सगळ्या लाकडाचे मिळून ७० हजार देतो म्हणतो. द्यावं का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ‘सगळ्याचे मिळून’ असं कोणी म्हणालं की समजा, त्यातली एखादी वस्तू एकटीच तेवढ्याची आहे आणि ती त्याने ओळखली आहे. बहुधा पुढचा दरवाजा चौकटीसकट, नाहीतर ओटीचे खांब. आधी सुताराला बोलवा, एकेक लाकूड मोजून वहीत उतरवा : सागवान किती घनफूट, फणस किती, ऐन आणि किंजळ किती. खिळ्यांनी चाळण झालेल्या रिपा सरपणात जातील, त्या बाजूला काढा. मग नव्या घराच्या दारं-खिडक्यांना, जिन्याला, देवघराला काय लागेल ते राखून ठेवा. एवढं मुरलेलं लाकूड तुम्हाला वखारीत मिळणार नाही, आणि ऐन-किंजळ-फणसाचं उभं झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

राहील ते घनफुटाच्या भावाने द्या, आणि दोन व्यापाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा. लाकूड राखून ठेवणार असाल तर जमिनीवर टेकवून ठेवू नका. चिऱ्याचे तुकडे घालून त्यावर रचा आणि अंगाला हवा लागू द्या, प्लास्टिकने गुंडाळलंत तर पावसाळ्यात आत बुरशी धरेल. आणि पुढच्या दरवाजाची कडी-कोयंडा आजच काढून घरात ठेवा.